दाजींचा जामीन

…आणि वकीलबाईंनी बजावून सांगितलं होतं हो, "स्तामातिसकाका, आज फक्त जामिनाचं बघायचंय, तुम्ही तोंड उघडायचं नाही!" पण आमचे दाजी! गप्प बसले असते ना…

तुम्हाला सांगतो, ऑलिव्हच्या बागेत छाटलेल्या फांद्या पेटवल्या, पेटवल्या तर पेटवल्या, समोर उभं राहावं की नाही? हे गेले घरात कॉफी प्यायला! वारा फिरला, आणि शेजारच्या एवान्थियाकाकूंची अख्खी बाग… त्यांच्या खापरपणज्यानं लावलेली झाडं हो! संध्याकाळपर्यंत नुसता कोळसा. खटला झाला, दोन वर्षं कैद, दाजी आत. अपील केलं, पण ते लागणार कधी देव जाणे, तोवर बाहेर तरी येऊ देत म्हणून हा जामीन!

वकीलबाई काय सुंदर बोलत होत्या, "म्हातारा माणूस, पळून जाणार कुठं?" न्यायाधीशबाईंनी नुसतं विचारलं, "सोडलं तर राहाल कुठं?" घरी म्हणायचं, विषय संपला! पण नाही… "घरीच, बाईसाहेब. पण खिडकीतून ती झाडं दिसतात हो. झोप येत नाही." झालं! वकीलबाई घाईघाईनं, "अपिलात आमचं म्हणणं आहे, आग यांचीच हे सिद्धच…" "माझीच," दाजी म्हणतात, "लावली आणि आत गेलो." अहो, गप्प बसले असते ना! शेजारी माझी ताई पदर… आपला तो, स्कार्फ हो, डोळ्याला लावून बसलेली.

तेवढ्यात मागून एवान्थियाकाकू उठल्या. काळे कपडे, हातात काठी. मी म्हटलं, मेलो!

"तुमचा विरोध आहे का?"

"विरोध कसला! याला तुरुंगात आयतं खायला घालताय, आणि माझी जळकी बाग खणायची कोणी? द्या सोडून!"

मिळाला जामीन! आता गाव सोडायचं नाही, चौकीत हजेरी, आणि सकाळ झाली की काकूंच्या बागेत कुदळ. काकू खुर्ची टाकून, "स्तामाती, हा खड्डा आहे की नाकपुडी?"

परवा वकीलबाई आल्या, "काका, अपिलात सुटाल बहुतेक."

दाजी नव्यानं लावलेल्या गुडघाभर रोपांकडे बघत म्हणाले, "मी सुटेन हो. ती झाडं?"

"सुटू दे नाहीतर राहू दे," काकू म्हणाल्या, "ही चांगली लगडेपर्यंत मी सोडत नाही!"

आता तुम्हीच सांगा, त्याला लागणार दहा वर्षं, दाजी सत्त्याहत्तरचे… म्हणजे कोर्टानं सोडलं तरी माणसाला मरायचीसुद्धा परवानगी नाही!