नेपाळ लांब, झाडू जवळ

आमच्या आबांच्या पहिल्या विमानाचं ऐकलं का रे? मुंबई ते थेट काठमांडू!

आबांच्या सोबतीला मी होतोच, पण आईलाही आम्हा बापलेकांबरोबर पशुपतिनाथाला यायचं होतं. आबा म्हणाले, "परदेश हाय तो. लई लांब. तुला झेपायचं न्हाई."

आमच्याकडं माणूस गावाला निघालं, की पोचल्याचा निरोप येईस्तोवर घरात केर काढत नाहीत. आबांनी आईला बजावलं, "दोन दिवस तरी झाडूला हात लावू नको."

श्रीगोंद्याहून मुंबई गाठायलाच, उसाच्या ट्रॅक्टरांमागं रखडत, आमचा अख्खा दिवस गेला. आणि विमान? आबांनी दशमी खाल्ली, जरा डोळा लागला, तर उतरायची वेळ! तीन तासही नाही लागले!

आबा हरखले. विमानतळावरूनच माझ्या मोबाईलवर ओरडले, "अगं, आलं बी नेपाळ! काढ केर!"

"थापा मारू नका. सकाळी तर मुंबईत होता."

मी व्हिडिओ कॉल लावून बाहेरचे डोंगर दाखवले. आई बघतच राहिली.

मग म्हणाली, "एवढंच लांब व्हय? या घरी. केर तसाच हाय, झाडू दारात ठेवलाय. तुमाला झेपंल."