साडूची बंदूक आणि माझी

…आणि वर मलाच म्हणतो कसा, "ओडेल, मनाला लावून घेऊ नकोस रे, ज्याला जे झेपतं ते त्यानं घ्यावं." झेपतं ते! अहो, अकरा वर्षं ह्या माणसाचं गवत कापायचं मशीन मी फुकटात दुरुस्त करतोय, दर वसंतात कार्बोरेटर खोलायचा, आतला गाळ काढायचा, आणि हा मला झेपण्याच्या गोष्टी सांगतो. हा म्हणजे ब्रँटली. माझा साडू. माझ्या बायकोच्या, ट्वायलाच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. तिकडे लिटल रॉकला दातांचा डॉक्टर आहे, आणि स्वतःचे दात इतके पांढरे करून घेतलेत की त्याच्याशी बोलताना डोळे बारीक करावे लागतात. मी इकडे सॉरेल क्रीकला करवती न् मशीनं दुरुस्त करतो. माझ्या नखांत ऑइल. त्याच्या नखांत काही नाही, कारण तो बोटांनी काही करतच नाही, दुसऱ्याच्या तोंडात घालण्याखेरीज.

तर तुम्हाला सांगतो, आमच्या दोघांच्या रायफली एकाच जातीच्या. चाप ओढला की एक गोळी, परत ओढला की दुसरी, मधे हातानं काही मागेपुढे करायला नको, ती. साठेक वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर काढली, आणि आता गल्लोगल्लीचे कारखाने तीच काढतात. माझी चारशे ऐंशी डॉलरची, त्याची सत्तावीसशेची. पण डिझाइन तेच हो! नळीचं भोक तेवढंच, गोळी तीच, माझ्यातला सुटा भाग काढून त्याच्यात बसवा, हूं की चूं करणार नाही. मग वरचे बावीसशे गेले कुठं? तर माझा चाप ओढताना जरा खरखरतो, जुन्या फाटकासारखा, मान्य. त्याचा म्हणे लोण्यातून सुरी जावी तसा. माझी हलवली की आत काहीतरी खुळखुळतं, त्याची हलवली की आवाजच नाही, त्याच्या घरच्या जेवणाच्या टेबलासारखं. माझी पुठ्ठ्याच्या खोक्यात आली, त्याची पेटीत, मऊ स्पंजावर निजवलेली, दवाखान्यातून बाळ आणतात तशी. आणि नळीच्या तोंडाला ते भोकाभोकांचं टोपण, त्यानं म्हणे खांद्याला झटका कमी बसतो. त्याला कमी बसतो हो, शेजारी बसलेल्याच्या कवटीतल्या कवळ्या हलतात, आणि कवळी हलली की परत ह्याच्याचकडे जायचं, दातांचा डॉक्टर ना, धंदा कसा जोडून घेतलाय बघा.

पण हे सगळं मी सोडलं असतं. देवाशपथ सोडलं असतं. जुलैत सासऱ्यांकडे मासे तळायला जमलो होतो, सगळा गोतावळा, अंगणभर माणसं, आणि ह्यानं काय करावं? माझ्या गाडीतली रायफल उचलली, रिकामी आहे ती बघितली, कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, "ओडेल, आत गारगोट्या भरून देतात का रे? परत कर, पैसे मिळतील." सगळे हसले. सासरे हसले. ट्वायला हसली! ती म्हणते मी हसले नाही, मला ठसका लागला. चोवीस वर्षं संसार केलाय, ठसका कुठला आणि हसू कुठलं मला कळत नाही? त्या दिवशी तळलेला मासा माझ्या घशाखाली उतरला नाही, आणि मी मनात म्हटलं, ब्रँटली, तुला बघून घेतो.

संधीही कशी चालून आली बघा. आमचे सासरे हर्शेल, वय ब्याऐंशी, मुलगा नाही, दोन मुली न् दोन जावई. त्यांच्या रानात ओढ्याकाठी ओकच्या झाडावर एक मचाण आहे, हरणाच्या शिकारीचं. ते मचाण त्यांनी आणि मी बांधलं. मी! फळ्या मी वाहिल्या, चौथ्या फळीवर माझं रक्त सांडलंय, करवत निसटली होती. एकोणीस वर्षं हंगामाच्या पहिल्या सकाळी आम्ही दोघं त्यात बसतो, मधे कॉफीचा थर्मास, आणि बोलत काही नाही. तुम्हाला सांगतो, माझे वडील माझ्याशी वर्षभरात जेवढे बोलले नाहीत ना, तेवढे हर्शेल त्या मचाणावर गप्प बसून बोलायचे माझ्याशी. आता त्यांचे गुडघे गेले, शिडी चढवेना. सप्टेंबरात दोघा जावयांना समोर बसवलं आणि म्हणाले, "मचाणावर बसेल एकच. उगाच मला मधे घेऊन भांडू नका. आगीच्या बंबवाल्यांच्या नेमबाजीत ज्याचे गुण जास्त, मचाण त्याचं."

ब्रँटलीला मचाण कशाला हवं हो? त्याला फोटो काढायचाय तिथं बसून! मला ते मचाण हवं होतं म्हणजे हवंच होतं. आणि मिळालं की त्याच्या तोंडावरचं ते पांढरंशुभ्र हसू उतरताना बघायचं होतं. कुठलं जास्त हवं होतं ते नका विचारू, मी चर्चला जाणारा माणूस आहे.

सहा आठवडे सराव केला. ट्वायला म्हणायची, "अहो, रविवार आहे." म्हटलं, असू दे. "अहो, कुत्रं पलंगाखालून निघत नाही." म्हटलं, त्याला सांग डिझाइन तेच आहे. आणि खरं सांगतो, ती खुळखुळणारी, खरखरणारी माझी बाई, एकाच भोकातून दुसरी गोळी घालायला लागली. माझ्याच हातात काहीतरी आलं होतं. राग म्हणा. रागानं नेम चुकतो म्हणतात, ते खोटं आहे, रागानं नेम बसतो. चुकतं ते दुसरंच काहीतरी, सांगतो.

शनिवारी सकाळी मैदान भरलं. आमच्या गावचे बंबवाले दर वर्षी हे करतात, पहिल्याला अख्खा हॅम, डुकराची खारवलेली तंगडी, बक्षीस, एका बाजूला उकडलेल्या शेंगांची कढई, दुसऱ्या बाजूला गोड चहा. शंभर यार्डांवर निशाणाच्या कार्डांची रांग, एकेकाला एक कार्ड न् पाच गोळ्या. मैदानावर हुकूम चालतो मॅव्हिसबाईंचा. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली त्यांनी, अजून आवाज तोच. "सहा नंबर, बोट चापावरून काढ. सात नंबर, तोंडातलं थुंक." सहा नंबर ब्रँटली. सात नंबर मी, त्याच्या उजव्या हाताला. आणि मागं हर्शेल खुर्चीवर, तिकाटण्यावर लावलेली जुनी दुर्बीण डोळ्याला लावून.

सुरू म्हटल्याबरोबर हा सुटला. धाड, धाड. त्या टोपणातून सगळा वारा माझ्या कानात. आणि ह्या रायफलींचं असं असतं, गोळी पुढं जाते आणि रिकामं काडतूस उजवीकडं उडतं. माझी स्वस्तातली, बिचारी काडतूस शेजारी हळूच टाकते. त्याच्या सत्तावीसशेच्या रायफलीनं तिसरं काडतूस जे भिरकावलं, ते तापलेलं, लालभडक नसलं तरी माझ्यासाठी लालभडकच, थेट माझ्या कॉलरमधून आत, पाठीवर! मी बंदूक टेबलावर ठेवली आणि जो नाचलो, जो नाचलो, शर्ट ओढतोय, पाठ झटकतोय, आणि मॅव्हिसबाई मागून, "सात नंबर, बसमध्ये उभं राहायचं नाही." मैदान, की बस? आणि शेजारून तो, "स्वस्त शर्ट का रे?"

बस्स. माझ्या डोळ्यांपुढं लाल झालं. बसलो, दस्ता खांद्याला लावला, रायफलीवरच्या दुर्बिणीत एक काळं वर्तुळ दिसलं, फक्त वर्तुळ, दुर्बीण मी इतकी मोठं दाखवणारी लावली होती की कार्डाचा नंबरसुद्धा दिसेना. त्या वर्तुळात मला ब्रँटलीचे दात दिसत होते. एक. दोन. तीन. चार. पाच. तुम्हाला सांगतो, आयुष्यात असं मारलं नव्हतं. पाचही गोळ्या एका डॉलरच्या नाण्याखाली झाकल्या जातील. मी बंदूक रिकामी केली आणि आकाशाकडं बघून म्हटलं, आता सांगा कोण गारगोट्या भरतं ते.

गोळ्या थांबवायचा हुकूम झाला, आम्ही सगळे कार्डांकडे चालत गेलो. माझ्या सात नंबरच्या कार्डावर… काहीच नाही. कोरं. धुतलेलं ताट. आणि सहा नंबरवर दहा भोकं. पाच कडेकडेला, कोंबड्यांना दाणे फेकल्यासारखी. आणि पाच मधोमध. माझी.

काडतूस पाठीत, राग डोक्यात, परत बसताना मी जरा डावीकडं वळून बसलो होतो, आणि नेम धरला तो शेजारच्या कार्डावर.

ब्रँटली माझ्या कार्डाकडं बघून म्हणाला, "पाचांतली एकही नाही? मागचं टेकाड तरी लागलं का रे?" आणि लोक हसायला लागले, माझ्या बंदुकीला हसायला लागले हो! मी बोललो नसतो तर एवढंच झालं असतं, स्वस्तातल्या बंदुकीनं कार्डसुद्धा धरलं नाही. बोललो तर आमच्या गावात ज्यानं दुसऱ्याच्या कार्डावर मारलं, त्याचं नाव बंबाच्या शेडमधल्या पाटीवर रंगानं लिहितात, ते तो मेला तरी पुसत नाहीत. एकीकडे बंदुकीची अब्रू, एकीकडे माझी. मी म्हटलं, "मधली पाच माझी."

"तुझी?" ब्रँटली म्हणाला. "तूच ना गावभर सांगत फिरतोस, डिझाइन तेच, गोळी तीच? मग भोकं कुणाची ते कसं ओळखलंस?"

आता बोला. सहा महिने मी घसा कोरडा करून जे सांगत होतो, तेच माझ्या घशात.

तेवढ्यात मागून काठी टेकत हर्शेल आले. म्हणाले, "मी सगळा वेळ सहा नंबरचं कार्ड बघत होतो. ब्रँटलीची पाच कडेला गेली. मग तो चहा पीत होता. मधली पाच तेव्हा पडली. ओडेलची आहेत."

मंडळी, माणसं माझ्या बंदुकीकडं वळली. बंबाचा ड्रायव्हर म्हणाला, "कितीला घेतलीस? कुठून?" दोघांनी हातात घेऊन बघितली. ब्रँटलीचे दात झाकले गेले. तीन मिनिटं, फार तर चार, मी जन्मभराचं सुख भोगलं. मग मॅव्हिसबाईंनी कागद काढला आणि बसच्या थांब्यांची नावं वाचावीत तसं वाचलं. "नियम. ज्याच्या कार्डावर जास्तीची भोकं, त्याला त्यातली उत्तम पाच मोजून द्यायची. सहा नंबर, पन्नासपैकी पन्नास. ज्यानं दुसऱ्याच्या कार्डावर मारलं त्याला काही नाही. सात नंबर, भोपळा."

माझ्याच पाच गोळ्यांनी मी माझं मचाण साडूला दिलं. त्यानं हॅम काखेत मारला, मचाणाचा रस्ता कुठून जातो ते मलाच विचारलं, आणि मी सांगितला. काय करणार? अगदी नीट सांगितला. हर्शेलना बघवेना बहुतेक. ते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ मचाणावर बसायचे तसे गप्प उभे राहिले. मला वाटलं, काही नाही बोलले तरी चालेल, एवढं पुरे. आणि मग म्हणाले, "ओडेल, बंदूक फर्स्टक्लास निघाली रे तुझी. जावईच मला स्वस्तातला मिळाला."