नऊ खुंट्या

दवाखान्यात बाळाला मांडीवर घेऊन नंबरची वाट बघणाऱ्या एका बाईचे कान शेजारच्या दोन जावांकडे लागले होते. थोरलीचा नवरा आत डॉक्टरांना स्वतः बनवलेलं यंत्र दाखवत होता.

"भाऊजींनी भारीच केलंय हं, ताई! नऊ खुंट्या भोकांत बसवल्या की बोटांची चपळाई कळते. माझ्या छकुलीला अठराच सेकंद लागले."

"लागणारच. महिनाभर तिच्याच हातावर बेतत होते. स्वतःचा पोरगा दिसला नाही यांना."

"त्याला किती लागले?"

"चाळीस."

"अगंबाई!"

"अगंबाई काय? डावखुरा आहे तो. खुंट्यांची वाटी उजवीकडे पक्की बसवलीय. दरवेळी हात आडवा न्यावा लागतो."

"मग सांगा ना भाऊजींना."

"सात वर्षं समोर बसून जेवतोय. बापाला त्याचा हात मी सांगायचा?"