एका फोटोत एकच चूक

मंडळी, नमस्कार. माइक तोंडाजवळ धरायचा की लांब, ते मला कळत नाही. मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा. नाही, हात वर करू नका, मी घाबरून जाईन. नुसतं पुढं सरकून बसा.

वहिनी, पुंडलिकरावांचा संजय, शेजारची मंडळी, दवाखान्यातले त्यांचे जुने सोबती, आणि आपली रविवारची गच्ची. उन्हाचे आलात. पुंडलिकरावांसाठी आलात. त्यांच्याबद्दल मी बोलावं असं सगळ्यांनी ठरवलं. काहून ठरवलं, ते मला अजून समजलं नाही. माझी सारी नोकरी कोराडीच्या वीजकेंद्रात, कोळशाच्या बेल्टजवळ झाली. तिथल्या आवाजात कोणी कोणाशी बोलत नसे. हातानं खुणा करायच्या. शाळा सातवीपर्यंत. अशा माणसाच्या हातात तुम्ही माइक दिला आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी एक काम राहिलं. संजय, बेटा, तो हार जरा खाली घे. पंख्यानं सरकला की कोणी मुद्दाम वर केला, माहीत नाही, पण फोटोचं तोंड झाकलं गेलं आहे. हं. अजून थोडा. चिमटा दिसला पाहिजे. खिळा पाहून घे, हालते का. बस.

आता दिसतो. मघापासून मला मागून ऐकू येऊन राहिलं, "तोंडात कपड्याचा चिमटा कायचा गा? माणूस गेला, एक धड फोटो नाही भेटला का?" बरोबर आहे. विचारलंच पाहिजे. हा फोटो मी काढला आहे. दोष कोणाला द्यायचा असेल तर मला द्या. पण त्याआधी दोन शब्द ऐकून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. पुंडलिकरावांनी आयुष्यभर दवाखान्यात एक्स-रे काढले. निवृत्त झाल्यावर त्यांनी मानेवाड्याच्या आपल्या घराच्या गच्चीवर रविवारी सकाळी फोटोवाल्यांना जमवायला सुरुवात केली. फोटोवाले म्हणजे आम्ही. मोबाइलवाले, रिकामटेकडे, पोरांनी जुना फोन दिला म्हणून फोटो काढणारे. प्रत्येकानं एक फोटो कागदावर काढून आणायचा. वहिनींची कपडे वाळवायची दोरी होती, तिच्यावर चिमट्यानं लावायचा. आणि मग त्यांनी तो पाहायचा.

पाहायचा म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? तुम्ही आम्ही फोटो पाहतो, अंगठा वर करतो, पुढं सरकतो. ते पाहत बसायचे. चहा निवून जायचा. खालून वहिनी आवाज द्यायच्या. ते वळायचे नाहीत. ज्याचा फोटो, त्यानं तोंड उघडायचं नाही, हा नियम. आणि 'छान' हा शब्द गच्चीवर बंद. एकदा कोणी तरी म्हणालं, "पुंडलिकराव, एकदा तरी छान म्हणा ना गा." तर म्हणाले, "मी जन्मभर लोकायच्या छातीचे फोटो काढले. एकालेही म्हटलं नाही, वा, तुमचा फोटो छान आला. लोक मले विचारत, साहेब, काय दिसते? तेच सांगायचं. काय दिसते."

या आपल्या सुनंदाताई. पहिल्यांदा आल्या तेव्हा नातवाचा फोटो घेऊन आल्या. आम्ही सगळे म्हणालो, किती गोड, किती गोड. पुंडलिकराव पाहत राहिले. मग म्हणाले, "पोट्टं गोड आहे. ते देवानं केलं. तुम्ही काय केलं वं ताई?" ताईंचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा ते म्हणाले, "त्याचे डोळे पाहा. तो तुमच्याकडे पाहून हसून राहिला. हे तुमच्याशिवाय कोणाले जमलं नसतं. फक्त त्याच्या डोक्यातून विजेचा खांब निघून राहिला. दोन पावलं बाजूले सरका, खांब जाईल." ताई हसल्या. आम्ही पाहिलं तर खरंच, पोराच्या टाळूतून खांब निघाला होता, वर तारा होत्या. इतका वेळ कोणालाच दिसला नव्हता.

ताई पुढच्या रविवारी आल्या. हे लक्षात घ्या. पुढच्या रविवारी त्या आल्या.

त्यांचा कायदा होता. एका फोटोत एकच चूक सांगायची. आपला अभय, तो मोठ्या कॅमेऱ्याचा इंजिनिअर, एकदा माझ्या फोटोवर सुरू झाला. काका, हे तिरपं आहे, काका, इथं अंधार आहे, काका, हे कापलं गेलं. सगळं खरं होतं. पुंडलिकरावांनी बोट वर केलं. एक. "एकच सांग गा. बाकीच्या पुढच्या रविवारी सांगजो. साऱ्या आजच सांगशील तर पुढच्या रविवारी हे येतीन काहून?"

मी कोराडीच्या धुराच्या चिमण्यांचे फोटो आणायचो. दर रविवारी चिमणी. त्यांनी बरेच दिवस काही म्हटलं नाही. मग एक दिवस विचारलं, "चिमणीच काहून?" मी म्हटलं, "माझी नोकरी झाली तिथं." ते म्हणाले, "मले चिमणी दिसून राहिली. तुमची नोकरी नाही दिसत."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? घरी जाऊन मी बायकोजवळ कुरकुर केली. ती म्हणाली, "मंग नका जाऊ." पण डोक्यातून जाईना. शेवटी बसमध्ये बसलो, कोराडीला गेलो, वसाहतीच्या फाटकाजवळ उभा राहिलो. काय काढू, ते सुचेना. तिथं एक कडुलिंब आहे. त्याच्या पानांवर राख. आम्ही पाळीवरून सुटलो की त्याच झाडाखाली बसची वाट पाहायचो. मी एक फांदी खाली ओढली. अर्धी पानं अंगठ्यानं पुसली. अर्धी तशीच ठेवली. अर्धी हिरवी, अर्धी राखेची. काढला फोटो.

त्या रविवारी ते इतका वेळ पाहत राहिले की मला वाटलं, आता काही तरी वाईट निघणार. मग म्हणाले, "तुम्ही इथं रोज उभे राहत होते." एवढंच. मला कळेना हसू की रडू. मग बोट वर. एक चूक. "अंगठा यायले पाहिजे होता. राखेनं भरलेला."

आणखी एक सांगतो, मग संपवतो. पुढं कोणाचा कार्यक्रम असेल तर मला खूण करा. माझे फोटो हलायचे. सगळे. मी म्हणायचो, म्हातारपण, हात थरथरते. ते म्हणाले, "हात नाही थरथरत. जीव थरथरते तुमचा. बटण दाबायच्या आधीच तुम्हाले वाटते, बिघडलं." मग त्यांनी दवाखान्यातला उपाय सांगितला. एक्स-रेच्या वेळी सांगतात ना, तसा. मी मोबाइल धरला की ते मागे उभे राहून म्हणायचे, "श्वास घ्या. रोखा." मी दाबायचो. मग ते म्हणायचे, "सोडा." त्यांनी सोडा म्हटल्याशिवाय मी सोडत नव्हतो. एकदा ते विसरले आणि सुनंदाताईंशी बोलत बसले. मी तसाच. लालबुंद. सगळी गच्ची हसली.

आता हा फोटो.

हा आपला शेवटचा रविवार. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. ते दोरीजवळ उभे आहेत, चष्मा कपाळावर, दातांत चिमटा, हातानं दोरी थोडी खाली ओढलेली. समोर ताईंच्या नातवाचा नवा फोटो आहे, तो यात दिसत नाही. त्यांचं तोंड पाहा. ते आपल्या फोटोंकडे असं पाहत होते. आपण तेव्हा दोरीकडे पाहत असू, आता काय म्हणतात म्हणून. त्यांच्या तोंडाकडे कोण पाहणार? मी त्या दिवशी सहज पाहिलं. मनातच म्हटलं, श्वास घे, रोख. दाबलं.

पुढच्या रविवारी दोरीवर लावायचा होता. त्याआधीच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

मी भेटायला गेलो. नाकातोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. ते पाहत राहिले. गच्चीवर पाहायचे तसेच. किती वेळ, देव जाणे. मग त्यांनी एक बोट वर केलं.

मी म्हटलं, "एक चूक? कोणती?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोटोकडेच पाहत होते. बोट तसंच. तेवढ्यात दारातला माणूस आला, म्हणाला, वेळ संपली, बाहेर व्हा. मी म्हटलं, "बरं, उद्या सांगजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी संजयचा फोन आला.

मंडळी, मी आता काय करू? मी सगळ्यांना विचारत फिरलो. सुनंदाताई म्हणाल्या, थोडा तिरपा आहे. अभय म्हणाला, काका, मागं टॉवेल आला. फोटो मोठा करून देणारा दुकानदार म्हणाला, "चिमटा खोडून देतो काका, मागं निळा पडदा टाकतो, चेहरा गोरा करतो, एकदम देवमाणूस वाटतीन." संजयलाही ते बरं वाटलं. त्याचं काय चुकलं? बापाचा फोटो आहे, पाहुणे येणार. मी दुकानात उभा. हो म्हणवेना, नाही म्हणवेना. ज्याला विचारायचं, तोच फोटोत.

शेवटी वहिनी म्हणाल्या, राहू द्या जसा आहे तसा. आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, ते बोट तुमच्यासाठी नव्हतं. तुमच्या मागं मी उभी होती. फोन बाजूले घ्या, थकतीन ते, असं मी तुम्हाले सांगणार होती. ते मले म्हणून राहिले होते, एक मिनिट थांब. अजून पाहून राहिलो. चहाले बोलावलं की दर रविवारी मले असंच बोट दाखवत."

वहिनी खरं सांगत असतील. माझी समजूत घालण्यासाठी सांगत असतील. मला कळत नाही. रात्री एक खरं वाटते, सकाळी दुसरं. खुणांमध्ये माझं आयुष्य गेलं, आणि ही एक खूण मला वाचता येत नाही.

आता गच्चीवरची मंडळी म्हणतात, तुम्ही वयानं मोठे, पुढच्या रविवारपासून पुंडलिकरावांच्या खुर्चीवर तुम्ही बसा. वहिनींनीही निरोप दिला, रविवारी दोरी मोकळी ठेवीन. अरे, पण मी बसून काय करू? चूक मलाही दिसते. पाहून पाहून तेवढं आलं. पण ती सांगितल्यावर माणूस पुढच्या रविवारी परत आला पाहिजे ना? ते मला येत नाही. माझं तोंड आधी घाबरते, मग फाटकं बोलते. ताई, तुम्ही एक दिवस रुसून घरी बसाल आणि गच्ची माझ्यामुळे बंद पडेल, याचंच मला भेव वाटते. अभयनं बसावं का? कोणीच बसू नये का? खुर्ची रिकामी ठेवून नुसतं दोरीकडे पाहत राहावं का? मला सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर जाताना सांगा. पण एकानं एकच सांगा.

पुरे झालं. मी फार बोललो.

आता सगळ्यांनी उठून उभं राहावं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा, पुंडलिकराव काही म्हणणार नाहीत. अशा वेळी आपण मान खाली घालतो, डोळे मिटतो. आज तसं करू नका. डोळे उघडे ठेवा. त्या फोटोकडे पाहा. छान म्हणू नका. काय दिसते, तेवढं पाहा.

आणि त्यांच्यासाठी एक करा. मी सांगतो तसं. श्वास घ्या.

रोखा.

पुढचा शब्द त्यांचा होता. तो मले म्हणता येणार नाही. वहिनी, तो तुम्ही म्हणा.