काकूनं देलेली शिशी

अबे, हसून घ्या. साखर तपासतो म्हणून मले हसता, पण कॅन्सरच्या इंजेक्शनमधल्या अँटीबॉडीले साखरेच्या बारीक साखळ्या चिकटलेल्या असतात. त्या बिघडल्या तं औषध नीट काम करत नाई. लॅबमंदी मी तेच पाहतो.

चिखल्याचे माहे काका असंच इंजेक्शन घेत होते, तरी गेले. तेरवीच्या दिवशी काकूनं मले आतल्या खोलीत बोलावलं, पदराची गाठ सोडली अन् इंजेक्शनची रिकामी शिशी हातात देली.

"तुह्या लॅबमंदी ने बाबू. औषध नकली होतं का, मले सांग."

तळाशी एखादा थेंब तरी असंन म्हणून मी शिशी उजेडात धरली. एकदम कोरडी, चकाचक.

"काकू, धुतली का हे?"

"मंग! एवढ्या मोठ्या लॅबमंदी खराब शिशी कशी पाठवू? बूच काढून गरम पाण्यानं खळखळून धुतली."

आता त्या शिशीत तपासाले काहीच उरलं नव्हतं. पण काकू माह्या तोंडाकडे पाहून राहिली होती.

म्हटलं, "असली होतं काकू. मी पाहूनच सांगतो, एकदम असली."

तिनं शिशी परत घेतली, पदरात बांधली.

"मंग ते गेले काहून?"