भैरोबाच्या मंडपातलं पाळीचं ट्रेनिंग

…आन् वरनं गावातली मलाच म्हणत्यात, "हरणाबाई, तुमी जरा दम काढाया पायजे हुता!" आता दम काढून थांबती का वं ती? तुमीच सांगा! न्हाई, हसू नगा, आन् त्या मागल्या पावण्यांनी मान खाली घातलीया ती बी वर करा, पाळीचंच बोलतीया मी, तुमच्या आयाबहिणींस्नी येती तीच! शिसारी आली? मग मला किती आली आसंल? शिसारी म्हंजी काय, ते मला इचारा!

ह्याच पंच्याण्णव सालच्या मार्चातली गोष्ट. आमी अंगणवाडीच्या बाया, कवठे महांकाळच्या आसपासच्या गावच्या. साताऱ्याच्या मॅडम आमास्नी शिकवणार, आन् आमी गावात जाऊन सांगायचं, की पाळी म्हंजी इटाळ न्हाई, कापड धुऊन उनात वाळवा, पोरींस्नी कडंला बसवू नगा. लय झ्याक! आन् हे ट्रेनिंग ठेवलं कुटं? भैरोबाच्या देवळात! मंडपात! का, तर शाळंत परीक्षा चालू. सरपंच भाऊसो म्हणाले, "देवळात गारवा आसतोय." गारवा! मॅडमनी आणलेला फलक बांधाया घेतला तर नाथाजी गुरव आडवा. "पाळी हा शबुद देवाच्या तोंडाम्होरं न्हाई चालायचा!" मग काय केलं आसंल? फलक उलटा बांधला वं! कोरी बाजू म्होरं! समद्यांनी त्या कोऱ्या कापडाला हार घातला, नारळ फोडला, टाळ्या वाजवल्या.

आन् ह्यो नाथाजी पायरीवर हुबा राहून वरडतोय, "ज्यास्नी अडचन हाय त्या बायांनी खाली बसायचं!" पाळीचं ट्रेनिंग, आन् पाळीवाल्या भाईर! चार-पाच जणी गप उठल्या, लिंबाखाली उनात जाऊन बसल्या. तितनं काय ऐकू येणार, कप्पाळ? मॅडम म्हणतात, "त्यांना आपण नंतर थोडक्यात सांगू." शिसारी म्हंजी काय, ते मला इचारा!

आता तुमी म्हणशिला, हरणाबाई कुटं हुती? मी आत हुते. आन् माजी त्याच दिशी सकाळी आली हुती.

आवं, थांबा, ओरडू नगा, आदी ऐकून घ्या! माजी लेक क्रांती, सातवीतली. तिला पाळी आली की माजी सासू राहीबाई तिला शेरडांच्या खोपटात बसवती. तितंच झोपायचं, तितंच खायाचं, लेंड्यात! मागल्या खेपंला पोरीच्या वाकळंखाली इंचू निघाला. इंचू! मी सासूबाईंच्या पाया पडले, "आत्ती, निदान वसरीला तरी झोपू द्या." तर म्हणती, "आमी न्हाई का झोपलो? आमास्नी काय वाघानं खाल्लं?" मालक मिलिट्रीत, त्यास्नी सांगणार कोण आन् कोणत्या तोंडानं? म्हणून मी मॅडमला धरलं. मॅडम म्हणाल्या, "जेवणं झाली की मी स्वतः तुमच्या घरी येते, सासूबाईंशी बोलते." मला वाटलं, आज पोर सुटली! त्या दिशी बी ती खोपटातच हुती की वं. आता आसल्या वक्ताला मी लिंबाखाली जाऊन बसू? मॅडमच्या नजरंआड? म्हणून घरी बी सांगितलं न्हाई, आन् नाथाजीला बी न्हाई. पदर खोचला, पायरी चढले, भैरोबाला मनात म्हटलं, तुला समदं म्हाईत हाय, तू गप ऱ्हा.

आन् मॅडम बोलल्या बी लय चांगलं! तक्ता लावला, पिशवी कशी, नळ्या कशा. आता कापडाची घडी दाखवताना ते कापड, कोरं करकरीत कापड, दोन बोटांच्या चिमटीत धरलं, मेलेला उंदीर धरल्यागत, ते सोडून द्या. शेवटाला इचारलं, "विटाळ मानणं बरोबर की चूक?"

आमी समद्या, "चूऽऽक!"

"मग हा विटाळ पहिल्यांदा कोण मोडणार? आहे का कोणी धीट?"

आता मला वाटलं, खरंच इचारत्यात! मी आपली हुबी राह्यले. म्हटलं, "मॅडम, मोडला की मी. सकाळपास्नं हितंच बसलीया!"

आरारारा! चिमण्यांत खडा टाकल्यागत समद्या उठल्या! आन् पयली कोण उठली आसंल? मॅडम! साडी गोळा केली, फाईल छातीशी धरली, चार पावलं मागं! "अहो हरणाबाई… म्हणजे… विचार म्हणून ठीक आहे हो, पण निदान देवळात तरी…" एकट्या बौद्धवाड्यातल्या भामाबाईनं तेवढी माज्या शेजारची मांडी मोडली न्हाई. म्हणाली, "बस गं. माज्या सासूला तर बाराई म्हैनं ही पायरी चढू देत न्हवते."

तवर नाथाजी गोमूत्र घेऊन आला. माज्यावर शिपाडलं, सतरंजीवर शिपाडलं, मॅडमच्या तक्त्यावर बी शिपाडलं! पिशवी भिजली, नळ्या ओघळल्या. आन् मॅडम काय म्हणाल्या? "थोडं इकडंही टाका हो, गुरव." शिसारी म्हंजी काय, ते मला इचारा!

मॅडम जीपमधी बसून निघाल्या, मी मागं पळाले. म्हटलं, "मॅडम, माज्या घरी येणार हुता! पोर खोपटात हाय!" तर काच वर करत म्हणतात, "पुढच्या खेपेला नक्की. आता साताऱ्याला जाऊन मला डोक्यावरून अंघोळ करायचीय."

घरी गेले तर बातमी माज्या आदी पोचलेली. राहीबाई उंबऱ्यात हुबी, हात आडवा, "थांब तितंच! देव बाटवून आलीस!" आन् बोट दावलं खोपटाकडं. समदं बोलणं तर मॅडम बोलणार हुत्या.

गेले. क्रांती आत पुस्तक घिऊन बसलेली. माज्याकडं बघितलं पोरीनं. हातानं लेंड्या बाजूला सारल्या, वाकळ झटकली, खालचा दगूड उचलून इंचू हाय का बघितलं, आन् कोरडी जागा दाखवून म्हणाली, "हितं बस आये. तितं शेरडं मुतत्यात."

काय करता… ट्रेनिंग माजं झालं, पर सराव तिचा दांडगा!