दुधाच्या कुपनांची तीन पत्ती

रविवारी दुपारी बरोबर साडेतीनला आमच्या एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये तीन पत्ती बसली. मी आधीच बजावलं होतं, "माझ्या घरात पैसा लावायचा नाही." चारला दूधवाला आला. कुपनांचा डबा उघडते तर रिकामा! आठवड्याची कुपनं शेजारच्या जाधवभावजींपुढे पडलेली.

मी ह्यांना विचारलं, "अहो, बाळाचं दूध लावलंत?"

हे म्हणाले, "पैसा कुठं लावला?"

भावजी वर हसतात, "वहिनी, आता चहाला आमच्याकडेच या. दूध भरपूर आहे!"

मी रडणारं बाळ उचलून भावजींच्या मांडीवर ठेवलं. "दूध जिंकलंत ना? मग पिणाराही सांभाळा."

कुपनं लगेच परत आली.

बायांनो, शेजारणींनाही सांगा, नुसतं 'पैसा नको' म्हणून भागत नाही. लावायला चिंचोके आपणच काढून द्यायचे.